तबकडी, चिप आणि रायपूरचा उन्हाळा

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ यांच्या आसपासच्या गल्ल्यांत, डेस्कटॉप कॉम्प्युटर अजून पोट भरतो. चॉइस सेंटर या सरकारी सेवांच्या केंद्रावर जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले निघतात, ‘भुइयां’ या राज्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे कागद काढून दिले जातात. किराणा आणि कापडाच्या दुकानांत टॅली चालतं, लग्नपत्रिका छापणारा डिझाईन करतो, शिकवणीवाला प्रश्नपत्रिका टाइप करतो. यांतली बरीच यंत्रं आठ-दहा वर्षं जुनी आहेत आणि त्यांची तक्रारही ठरलेली असते. इथल्या नागपुरी वळणाच्या मराठीत सांगायचं तर, ‘कॉम्प्युटर हँग होऊन राहिला.’ सकाळी बटण दाबायचं, चहा घेऊन यायचं, तोवर कुठे पडदा स्थिर झालेला असतो. गिऱ्हाईक तेवढा वेळ उभंच.

अशा वेळी दुरुस्तीवाला दोन पर्याय पुढे ठेवतो: तीच जुन्या पद्धतीची, पण नवी हार्ड डिस्क, किंवा एसएसडी. तिसरा पर्याय नवा कॉम्प्युटर घेण्याचा, आणि त्याची घाई बहुतेकदा नसते. मंद झालेल्या डेस्कटॉपमध्ये सहसा प्रोसेसर थकलेला नसतो, डिस्क मागे पडलेली असते.

मागे का पडते, हे तिच्या पोटात डोकावलं की कळतं. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात, त्यांवर चुंबकीय थर असतो. नेहमीच्या डेस्कटॉप डिस्कमध्ये या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड त्या वेळी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते आणि वाचणारं डोकं तिच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माहिती हवी असली की हाताला योग्य वर्तुळावर जावं लागतं, मग तबकडी फिरून ती जागा डोक्याखाली येण्याची वाट पाहावी लागते. वर्तुळ शोधायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद, फेरीची वाट पाहण्यात सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडं अधिक. हिशेब केला तर सेकंदाला ७५-८० ठिकाणांहून माहिती आणता येते, त्यापुढे नाही. १९५६ साली आयबीएमने रामॅक ही पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि क्षमता सुमारे ५० लाख अक्षरांची. तेव्हापासून क्षमता लाखो पटींनी वाढली, पण फिरण्याची ती वाट पाहणं काही सुटलं नाही.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरीची कल्पना मांडली. त्यातला नँड हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला, आणि आजची एसएसडी, पेनड्राइव्ह, मोबाइलची मेमरी सगळं त्याच्यावर उभं आहे. सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवायचा आणि हवा तेव्हा तपासायचा, एवढंच तिथे घडतं. साटा या जुन्या, रुळलेल्या जोडणीवर चालणाऱ्या साध्या एसएसडीलाही एखाद्या ठिकाणची माहिती काढायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो.

जाहिरातीत मात्र वेगळाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो: सेकंदाला ५५० एमबी. हार्ड डिस्क सलग वाचताना दीडशे ते दोनशे एमबी देते. म्हणजे फरक तिपटीचा, आणि तेवढ्यासाठी कुणी खिशात हात घालणार नाही. खरा फरक विखुरलेल्या छोट्या फायलींत आहे. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना, अँटीव्हायरस मागे चालू असताना कॉम्प्युटर डिस्ककडे हजारो बारीक तुकडे मागतो. तिथे हार्ड डिस्कच्या ७५-८०च्या समोर साधी एसएसडी हजारांत उत्तर देते, म्हणजे शंभरपटीहून अधिक. जुन्या यंत्रात एसएसडी बसवल्यावर ते नवं झाल्यासारखं वाटतं ते याच कारणाने. मदरबोर्ड जुन्या, कमी वेगाच्या साटाचा असला तरी हा फायदा बहुतेक पदरात पडतो, कारण सलग वेग निम्मा झाला तरी वाट पाहणं संपलेलं असतं.

याच न्यायाने पुढची पायरीही पारखता येते. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडी सेकंदाला साडेतीन हजार, सात हजार, आता तर चौदा हजार एमबीपर्यंतचे आकडे सांगतात. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. टॅली आणि दाखल्यांच्या कामाला साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक हाताला फारसा जाणवत नाही. चॉइस सेंटरवाल्याने चौदा हजारांच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, ते रॅमला किंवा यूपीएसला द्यावेत.

स्वस्त एसएसडीची एक खोड मात्र माहीत हवी. एका कप्प्यात तीन बिट ठेवले तर टीएलसी, चार ठेवले तर क्यूएलसी. बिट वाढले की किंमत उतरते आणि लिहिण्याचा वेगही उतरतो. तो झाकायला कंपन्या काही जागा वेगवान कॅश म्हणून राखतात. सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ ही १ टीबीची क्यूएलसी एसएसडी सलग ४२ जीबीच्या आसपास लिहीपर्यंत जोरात धावते, मग कॅश भरते आणि वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो. म्हणजे त्या क्षणी ती हार्ड डिस्कपेक्षाही मंद असते. रोजच्या कामात ही वेळ येत नाही. लग्नाचं दोनशे जीबीचं चित्रीकरण एका बैठकीत उतरवणाऱ्या फोटो स्टुडिओला ती हमखास येते.

किमतीचं गणित वरवर दिसतं त्याहून वेगळं आहे. हार्ड डिस्क कितीही लहान केली तरी मोटर, हात, डोकं, निदान एक तबकडी आणि धातूचा डबा लागतोच, त्यामुळे तिच्या किमतीला एक तळ असतो. एसएसडीत चिपा कमी केल्या की किंमत कमी. म्हणून २४०-२५० जीबीच्या पातळीवर एसएसडीच स्वस्त पडते आणि ४ टीबी, ८ टीबीच्या पातळीवर हार्ड डिस्क तिला मागे टाकते. २०२० साली जगात पहिल्यांदा हार्ड डिस्कपेक्षा जास्त एसएसडी विकल्या गेल्या. त्याच वर्षी विकल्या गेलेल्या एकूण साठवणक्षमतेत मात्र हार्ड डिस्क एसएसडीच्या जवळजवळ पाचपट होती. संख्येने एक पुढे, क्षमतेने दुसरी.

हे भाव स्थिर नसतात. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, वेस्टर्न डिजिटलचा तिथला कारखाना पाण्याखाली गेला आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत हार्ड डिस्कचे भाव भडकले. उलट २०२३ साली नँडचे भाव इतके पडले की एसएसडी घेण्याची त्याहून चांगली वेळ मिळाली नसती. २०२५ च्या अखेरीस वारं पुन्हा फिरलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, रॅम आणि एसएसडी महागल्या आणि डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रूशिअल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार असल्याचं जाहीर केलं. हार्ड डिस्कही डेटा सेंटरांना हव्याच असल्याने तिथेही फार दिलासा नाही. गरज असेल तेवढीच क्षमता घेणं हे अशा काळात शहाणपणाचं, आणि यंत्रणेपुरती गरज २५० ते ५०० जीबीत भागते.

आता रायपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. पुरानी बस्तीच्या चिंचोळ्या गल्लीतल्या, पत्र्याच्या छताच्या दुकानात भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटच्या आत त्याहूनही आठ-दहा अंश जास्त असतात. डेस्कटॉप हार्ड डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत आणि एसएसडी ७० अंशांपर्यंत चालेल असं कंपन्या सांगतात. कागदावर दोन्ही वाचतात. गूगलने २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तापमानाचा परिणाम लोक समजत होते त्यापेक्षा कमी निघाला. तो ठळक दिसला फार तापलेल्या आणि तीन-चार वर्षं जुन्या झालेल्या डिस्कांत. पुरानी बस्तीतली डिस्क नेमकी याच दोन वर्णनांत बसते.

त्यात धूळ. उरला आणि सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी भुकटी रायपूरकरांच्या गच्चीवर आणि खिडक्यांवर बसते, तशी कॅबिनेटच्या पंख्यावरही बसते. ती डिस्कच्या आत जात नाही, कारण तिथे बारीक गाळणी असते. पण पंखा आणि जाळ्या बुजल्या की आतली हवा कोंडते आणि सगळंच तापतं. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीच्या साफसफाईत, ब्लोअर मारण्याचा उपाय कुठल्याही महागड्या डिस्कइतकाच कामाचा आहे.

विजेच्या बाबतीत एसएसडीबद्दल एक गोड गैरसमज आहे: आत काही फिरत नाही, मग वीज गेल्याने काय बिघडणार? छत्तीसगड विजेत संपन्न राज्य आहे, तरी जूनच्या वादळात लाइन पडतेच. वीज गेली की हार्ड डिस्क फिरत्या तबकडीचाच जनरेटर करून उरलेल्या जोरावर डोकं सुरक्षित जागी नेते, ती सोय अनेक वर्षांची. एसएसडी मात्र कुठली माहिती कुठल्या कप्प्यात आहे याचा नकाशा सतत बदलत असते, आणि त्या मधल्या क्षणी वीज तुटली तर तो नकाशाच फाटू शकतो. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली. १३ जणींत बिघाड दिसले. नंतर कंट्रोलर सुधारले, पण वीज जाताच काम पुरं करायला लागणारे कपॅसिटर महागड्या, सर्व्हरच्या एसएसडीतच असतात. स्वस्तातली एसएसडी आणि यूपीएस नाही, ही जोडी पावसाळ्याच्या तोंडावर धोक्याची आहे.

एसएसडी लिहून लिहून झिजते, ही भीती रास्त असली तरी घरगुती वापरात ती फुगवलेली आहे. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या २५० जीबीच्या एसएसडीला कंपनी १५० टीबी लेखनाची हमी देते. रोज २० जीबी लिहिले, आणि चॉइस सेंटर एवढं लिहीत नाही, तरी ती मर्यादा गाठायला वीस वर्षं लागतील.

सीसीटीव्हीचं तसं नाही. हल्ली दुकानातला डेस्कटॉपच कॅमेऱ्यांचं चित्रणही साठवतो. चार कॅमेरे प्रत्येकी २ मेगाबिटने चालले तर दिवसाला सुमारे ८६ जीबी, वर्षाला ३१ टीबीहून जास्त लेखन होतं. २४० जीबीच्या, ८० टीबी हमीच्या एसएसडीत तीन दिवसांचंही चित्रण मावत नाही आणि अडीच वर्षांत तिची हमी संपते. तिथे सीगेटच्या स्कायहॉकसारखी, चित्रणासाठीच बनवलेली हार्ड डिस्क लागते. अशा डिस्कवर वर्षाला १८० टीबीचा भार धरलेला असतो, तर सीगेटच्याच साध्या बाराकुडा डिस्कवर ५५ टीबी आणि वर्षाला २४०० तास. चोवीस तास चालवलं तर वर्षाचे ८७६० तास होतात, म्हणजे साध्या डिस्कच्या मर्यादेच्या साडेतीनपटीहून जास्त.

टिकण्याबाबत जगातली चांगली आकडेवारी बॅकब्लेझ ही अमेरिकी बॅकअप कंपनी दरवर्षी छापते. त्यांच्या सर्व्हरांत यंत्रणा सुरू करण्यासाठी लावलेल्या दोन्ही प्रकारच्या डिस्कांची तुलना २०२२ साली झाली. पहिली चार वर्षं फार अंतर नव्हतं. पाचव्या वर्षी हार्ड डिस्क निकामी होण्याचा वार्षिक दर ३ टक्क्यांच्या वर गेला, एसएसडीचा १ टक्क्याच्या आसपास राहिला. एसएसडीच्या बाजूने हा पुरावा वजनदार आहे. तरी वाईट खेप दोन्हीकडे निघते. आयबीएमच्या डेस्कस्टार ७५ जीएक्सपी या हार्ड डिस्का २०००-०१ च्या सुमारास इतक्या मेल्या की लोक त्यांना ‘डेथस्टार’ म्हणू लागले. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल इशारा दिला: फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या, एकाच दिवशी.

दोघींची मरण्याची तऱ्हा मात्र वेगळी. हार्ड डिस्क बहुधा आधी कुरकुरते, टकटक आवाज करते, फायली उघडायला वेळ लावते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडलं तर निळ्याच्या जागी पिवळा रंग दिसतो. खालच्या यादीत ०५ क्रमांकाची ओळ सांगते की किती खराब जागा बदलून दुसऱ्या दिल्या गेल्या. सी५ सांगते की किती जागा संशयित आहेत. सी७ चा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क निर्दोष आणि साटाची तार सैल असते, आणि पन्नास-शंभर रुपयांची तार बदलून काम भागतं. ही ओळ न पाहता डिस्क बदलायला लावणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा जाऊ नये. गूगलच्या त्याच अभ्यासात पहिली स्कॅन-चूक दिसल्यावर ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता ३९ पटींनी वाढलेली आढळली. पण मेलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी कुठलीही खूण दिली नव्हती.

एसएसडी अनेकदा खूण न देताच जाते. काल चालू होती, आज बायोसमध्ये नावच नाही. मेलेल्या हार्ड डिस्कमधून प्रयोगशाळेत, धूळविरहित खोलीत, डोकं बदलून माहिती काढता येते. महाग, पण शक्य. एसएसडीवर चुकून पुसलेली फाइलही परत मिळणं कठीण, कारण विंडोज ७ पासून ट्रिम नावाची आज्ञा रिकाम्या झालेल्या जागा लगोलग कळवते आणि कंट्रोलर त्या साफ करून टाकतो. वेगाची ही किंमत आहे. एकुलती एक प्रत एसएसडीवर ठेवून निर्धास्त झोपणाऱ्या दुकानदाराची काळजी वाटते ती यामुळे.

जपून ठेवण्याचा प्रश्न रायपूरच्या मराठी घरांत विशेष आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून इथे मराठी वस्ती आहे. जवळचा तात्यापारा तिची खूण बाळगतो, महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभं आहे. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे १९२६ साली याच शहरात वारले. अशा घरांच्या कपाटांत मोडीतले कागद, पिवळी पडलेली छायाचित्रं, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या कॅसेटी असतात आणि आता कुठे हे सगळं डिजिटल होऊ लागलं आहे. ए-४ आकाराचं एक पान ६०० डीपीआयने रंगीत, न दाबता स्कॅन केलं तर १०० एमबीच्या वर जातं. शंभर पानांचं बाड म्हणजे १० जीबी. मिनी-डीव्ही कॅसेटीचा एक तास १३ जीबी. एका कुटुंबाचा संग्रह सहज एक-दोन टीबी होतो, रोज उघडायचा नसतो आणि त्याला वेगही लागत नाही. हे काम हार्ड डिस्कचं.

इथे उष्णता पुन्हा आडवी येते. वीज न देता पडून राहिलेल्या एसएसडीतला विद्युतभार हळूहळू गळतो आणि उष्णतेने तो लवकर गळतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची घरगुती एसएसडीसाठीची अट अशी की हमीचं सगळं लेखन संपल्यावरही ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकली पाहिजे. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकते, त्यामुळे या आकड्याने घाबरून जायला नको. पण भरपूर वापरून बाजूला काढलेली एसएसडी फोटो भरून माळ्यावर टाकली, तर रायपूरचे दोन उन्हाळे तिच्यासाठी खडतर आहेत. हार्ड डिस्कही विसरून जाण्याची वस्तू नाही. ती वर्षातून एकदा-दोनदा लावून वाचून पाहावी, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी, भिलाईच्या भावाकडे किंवा नागपूरच्या मुलीकडे असावी. संग्रहाची डिस्क घेताना ती एसएमआर प्रकारची आहे का हेही विचारावं. त्या प्रकारात पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मोठं लेखन फार रेंगाळतं. २०२० साली वेस्टर्न डिजिटलने आपल्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्कांत ही पद्धत न सांगता वापरल्याचं उघड झालं आणि ग्राहक खवळले.

खरेदीत फसगतीच्या जागा ठरलेल्या आहेत. अनोळखी नावाची, ‘२ टीबी’ लिहिलेली आणि मातीमोल भावाची बाह्य एसएसडी उघडली की आत मेमरी कार्ड निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास चाललेल्या सीगेट डिस्का, वापराचे आकडे पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्या. एम.२ खाचेत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींच्या एसएसडी बसतात, पण प्रत्येक मदरबोर्ड दोन्ही ओळखत नाही. २०१४ च्या आधीच्या बहुतेक बोर्डांवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच होत नाही. जुन्या यंत्रासाठी अडीच इंची साटा एसएसडी सर्वांत सुरक्षित. ती इतकी हलकी असते की खास चौकट नसली तरी एका स्क्रूवर कॅबिनेटमध्ये बसते.

पुरानी बस्तीतल्या बहुतेक डेस्कटॉपांना एकच जोडी शोभते: विंडोज आणि टॅलीसाठी २५० किंवा ५०० जीबीची टीएलसी साटा एसएसडी, सोबत छोटा यूपीएस आणि साठवणीला हार्ड डिस्क. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, हा पेच एसएसडीने सुटत नाही. फक्त ब्राउझरवर चालणाऱ्या कामाला लिनक्स पुरतो. टॅलीवाल्याला आज ना उद्या यंत्र बदलावं लागेल, पण तेव्हा हीच एसएसडी नव्यात जाते. काढलेली जुनी हार्ड डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फोत निळी दिसत असेल तर फेकू नये, यूएसबी डबीत घालून बॅकअपची दुसरी प्रत म्हणून वापरावी. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीच्या तारेतून पुरेशी वीज मिळत नाही, तेव्हा १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह येणारी डबीच मागून घ्यावी.